मेसन लॉजची पॅकिंग लिस्ट

बावीस वर्षं मी लोकांची घरं मोजली. भिंती नव्हेत, भिंतींच्या आतलं सामान. आखातात, अल ऐनमधल्या एका पॅकर्स-मूव्हर्स कंपनीत मी सर्व्हेअर होते. सर्व्हेअर म्हटलं की लोकांना तिपाईवरची दुर्बीण आठवते. माझ्याकडे नुसता क्लिपबोर्ड असायचा, आणि पायात पटकन काढता येतील अशा चपला.

काम सोपं वाटतं. कुणी देश सोडून निघालं की आम्हाला फोन येतो. मी घरी जाते, प्रत्येक खोलीत फिरते, कपाटं उघडून बघते, पलंगाखाली वाकते आणि सांगते, तुमचं सामान इतके घनमीटर. टेप लावायला वेळ नसतो, सगळं नजरेनं. वीस फुटी कंटेनरमध्ये तीसेक घनमीटर बसतं. माझा अंदाज चुकला तर निघायच्या दिवशी कुणाचा तरी फ्रिज रस्त्यावर उभा राहतो. माझ्या बाबतीत असं दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा वॉशिंग मशीन माझ्यापासून लपवलं होतं, असं माझं आजही ठाम मत आहे.

मी लागले होते टायपिस्ट म्हणून. पण अरबी घरांतल्या बायकांच्या भागात परका पुरुष कसा जाणार? आमचे मॅनेजर जॉर्जसाहेब एक दिवस म्हणाले, "मॅडम, आप जाके देखो ना." गेले. जुन्या घरातून नव्या व्हिलात निघालेली एक आजी लाकडी पेटीवर बसून होती. बाकी सगळं घर मोजून झालं तरी उठेना. मी शेजारी बसले, तिनं कावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी दिली, खजूर दिले. तिसऱ्या कपानंतर ती उठली आणि पेटीवर थाप मारून म्हणाली, "यल्ला, लिही." पेटीत काय आहे ते मी विचारलं नाही. लिहिलं, "पेटी एक, पी.बी.ओ."

हे पी.बी.ओ. आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं अक्षरत्रिक. अर्थ, मालकानं स्वतः पॅक केलेलं. म्हणजे आत काय आहे आम्हाला ठाऊक नाही, फुटलं-तुटलं, पकडलं गेलं, तर आमची जबाबदारी नाही. यादीत ती तीन अक्षरं पडली की कंपनी सुटली.

२००८ ची मंदी अल ऐनला जरा उशिरा पोचली. दुबईतलं एखादं काम बंद पडलं की महिना-दोन महिन्यांनी आमचा फोन वाजायचा. गावात सगळ्यांची कामं जात होती आणि आमच्याकडे मात्र माणसं पुरत नव्हती. दिवाळीच्या कार्यक्रमात ओळखीच्या बायका मला बघून थट्टेत म्हणायच्या, "अगं, तू घरी येऊ नकोस बाई, मोजून जाशील!" मी हसायचे. थट्टा करणाऱ्यांपैकी दोघींची घरं मी पुढच्या तीन महिन्यांत मोजली.

त्यातला एक प्रसंग अजून अंगावर येतो. एका इंजिनीअरनं सकाळी अकराला सर्व्हेला बोलावलं. मी बेडरूममध्ये कपाट मोजत होते, तेवढ्यात त्याची बायको ऑफिसातून लवकर परतली. दारात उभी राहून तिनं विचारलं, "ह्या कोण?"

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "मी तुला आज सांगणारच होतो."

तिनं पर्स खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं चालू द्या. या कपाटाच्या मागे इस्त्रीचं टेबल आहे, तेही घ्या." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या दिवसापासून मी फोनवरच विचारून घ्यायला लागले, "घरात सगळ्यांना माहीत आहे ना?" आमच्या छापील फॉर्मवर तो प्रश्न नव्हता. माझ्या फॉर्मवर होता.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट मेसन लॉजची. माझ्या नोकरीतली सर्वात मोठी चूक तिथे झाली.

अल ऐन हे सरहद्दीवरचं गाव. पलीकडे ओमानचं बुरैमी. जुन्या काळी दोन्ही मिळून एकच गाव असल्यासारखं होतं. लोक भाजी इकडे घ्यायचे आणि मासे तिकडे. मग कुंपण आलं, चौकी आली. त्या कुंपणाच्या अलीकडे, एका गल्लीच्या टोकाला, एक बैठी लांबुळकी खोली होती. दारावर लाकडी पाटी, तिच्यावर रंगानं इंग्रजीत 'मेसन लॉज'. मधोमध एक कर्कटक आणि एक गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, एकमेकांत अडकवून काढलेले.

तिथून मला फोन आला तो युसूफचाचांचा. सत्तरी उलटलेला, खेडकडचा कोकणी गवंडी. खोली ज्या अरबाबाची, म्हणजे अरब मालकाची, त्याच्याच व्हिसावर ते इतकी वर्षं इथे होते. आता म्हातारा अरबाब वारला होता, मुलांना जागा मोकळी करून हवी होती, आणि चाचांचा व्हिसा रद्द झाला होता. महिन्याच्या आत देश सोडायचा होता.

"बाय, सामान थोडकंच हाय," ते म्हणाले. "पण एकबी नग हरवायचा नाय."

खोलीत शिरले आणि मी उभीच राहिले. समोरच्या भिंतीवर चौसष्ट हत्यारं खिळ्यांना टांगलेली. थाप्या, ओळंबे, छिन्न्या, हातोडे, लाकडी पाणसळी. प्रत्येकाखाली मराठीत किंवा उर्दूत एक नाव. कोपऱ्यात नऊ जाडजूड रजिस्टरं.

"हे काय आहे, चाचा?"

"आमचा लॉज. मेसन म्हणजे गवंडी, लॉज म्हणजे ऱ्हायाची जागा. मुंबईत लॉज नसतात काय? तसा."

मग मी मोजत गेले आणि ते सांगत गेले. ते आले तेव्हा इथे मातीची घरं पाडून सिमेंटच्या विटांची घरं उठत होती. कोकणातून आलेले गवंडी जिथे भिंत बांधायचे तिथेच झोपायचे. त्यांच्यात एक इब्राहीम होता. अर्धवट बांधलेल्या घरात तो तापानं पडला आणि तिथेच गेला. दोन दिवस कुणाला पत्ता नाही. दफन केलं, पण घरी कळवायचं कुणाला? त्याच्या बापाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. "आम्ही त्याच्यासंगती चार महिनं जेवलो, बाय," चाचा म्हणाले. "आणि इब्राहीम या पलीकडं एक अक्षर म्हायती नव्हतं."

त्यानंतर सगळ्यांनी मिळून अरबाबाकडे जाऊन ही खोली मागितली. नियम एकच. इथे पाठ टेकायची तर आधी रजिस्टरात नाव, बापाचं नाव, गाव आणि पोस्ट लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्यानं लिहायचं. लिहिताना हजर असतील त्यांनी पाटीखाली उभं राहायचं आणि ते नाव मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे सगळ्यांच्या कानावर पडेल. कायमचा घरी जाणारा जाताना आपलं एक हत्यार भिंतीवर ठेवून जायचा.

पुढे कुंपण पडलं तेव्हा बुरैमीकडे काम करणारे अकरा गवंडी पलीकडे अडकले. कागद होते त्यांना चौकीवरून वळसा घालून यावं लागे. ज्यांना जमत नसे ते शुक्रवारी कुंपणाजवळ उभे राहायचे, आणि नवा कुणी आला असेल तर अलीकडचे त्याचं नाव ओरडून सांगायचे. मंदी आली आणि दोन्हीकडची कामं थांबली. एकेक जण गावी परतला. शेवटी चाचा एकटे उरले.

सामान खेडजवळच्या त्यांच्या गावी जायचं होतं. परतलेल्या गवंड्यांनी तिथे त्यासाठी एक खोली बांधून ठेवली होती. मी भाडं सांगितलं, चार हजार दिरहॅम, म्हणजे तेव्हाचे बावन्न हजार रुपये. परतलेल्यांनी आधीच पाठवून ठेवले होते.

पॅकिंगला आमचा फोरमन गुलखान आला. पेशावरकडचा, मला बाजी म्हणजे ताई म्हणणारा, बोलायला कंजूष. त्यानं प्रत्येक ओळंबा वेगळ्या कागदात गुंडाळला आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावली. मी शेजारी बसून यादी केली. माझ्या इंग्रजीचा मला तेव्हा फार अभिमान होता. 'मेसन लॉजचं सामान' असं शीर्षक घातलं. पाटीशी आले तेव्हा वाटलं, नुसतं 'लाकडी फळी' काय लिहायचं? नाव घ्यायला सगळे तिच्याखाली उभे राहायचे ना? मी लिहिलं, 'सेरेमोनियल बोर्ड, एक.' समारंभाची पाटी. शब्द आठवला म्हणून स्वतःवर खूशसुद्धा झाले.

आठवड्यानं बंदरावरच्या एजंटचा फोन आला. शिपमेंट थांबवली आहे. मालकाला घेऊन या.

जॉर्जसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. यादी त्यांच्या टेबलावर होती. "मॅडम, ये आपने क्या लिखा है? मेसन लॉज? फ्रीमेसन मालूम है आपको?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. गुप्त बैठका घेणारी एक जुनी संघटना, तिच्या शाखेचं नाव लॉज, आणि तिची खूण, कर्कटक आणि गुण्या. अशा संघटनांना इथे मनाई. आणि आमच्या कंपनीच्या शिक्क्याच्या कागदावर, माझ्या सहीनं, मी लिहून दिलं होतं की हे लॉजचं सामान आहे आणि ही त्यांची समारंभाची पाटी.

चाचांनी ती खूण कुठून घेतली असेल? कुठून म्हणजे काय, हातातल्या हत्यारांवरून. गवंड्यानं पाटीवर दुसरं काय काढायचं?

जॉर्जसाहेबांनी दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "एक काम करो. रिवाइज्ड लिस्ट बनाओ. सब पी.बी.ओ. कर दो. बुढ्ढा तो वैसे भी जा रहा है."

हे इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मी माझ्या टेबलाशी आले आणि नवी यादी टाइप करायला घेतली. माझे मिस्टर मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन कंपनीत होते, तिथे निम्मी माणसं कमी केली होती आणि राहिलेल्यांचा पगार अडकला होता. मुलीची शाळा चालू होती. तेव्हा घर माझ्या नोकरीवर होतं. मी पहिली ओळ टाइप केली, 'हत्यारं, पी.बी.ओ.' समोर गुलखान पाणी प्यायला आला होता. त्यानं पडद्याकडे बघितलं. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण ती तीन अक्षरं आमच्या धंद्यात सगळ्यांना वाचता येतात.

"बाजी," तो म्हणाला, "वो तो मैंने पैक किया था."

एवढंच. ग्लास धुऊन उपडा ठेवला आणि गेला.

मी ओळ खोडली. जॉर्जसाहेबांना जाऊन सांगितलं, "सर, लिखा मैंने है, तो समझाऊँगी भी मैं." त्यांनी कपाळाला हात लावला. पण अडवलं नाही, आणि जायला कंपनीची गाडी दिली, हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि चाचा बंदरावर गेलो. वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे ते मोठं लोक बी गवंडी असतात?"

"नाही चाचा. नुसतं नाव."

"भिंत बांधत नाईत?"

"नाही."

"मग खूण कशाला घेतली आमची?" असं म्हणून ते स्वतःशीच हसले. मला मात्र हसू येत नव्हतं.

तपासणी अधिकारी चाळिशीचे, शांत गृहस्थ होते. पेट्या उघडून हत्यारं टेबलावर ओळीनं मांडून ठेवली होती. ते माझ्याशी इंग्रजीत बोलले आणि चाचांशी अरबीत. चाचांची अरबी थेट अल ऐनच्या बाजारातली. मला निम्मी कळत होती, बाकीची चाचांनी परतताना सांगितली.

"या लॉजचा प्रमुख कोण?"

"जो सकाळी आधी उठेल तो. चहा त्यानं करायचा."

"आत यायची अट काय?"

"पाय धुऊन यायचं."

"सभासदांची काही गुप्त खूण?"

चाचांनी दोन्ही पंजे टेबलावर पालथे घातले, मग उताणे केले. बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत. पन्नास वर्षांच्या सिमेंटनं रेषा खाऊन टाकल्या होत्या. "ही खूण, साहेब. मशीनवर आमचे ठसे उमटत नाहीत. मागच्या आठवड्यात व्हिसाच्या ऑफिसात पाच वेळा बोटं ठेवायला लावली."

अधिकाऱ्यांनी ती बोटं नीट बघितली. मग टेबलावरचा एक पितळी गोळा उचलला. दोरीला बांधलेला, खाली टोकदार. "आणि हे?"

"दाखवतो," चाचा म्हणाले आणि कुणी काही म्हणायच्या आत उठले. त्यांनी ऑफिसच्या दाराच्या चौकटीला वर अंगठ्यानं दोरी दाबून धरली आणि ओळंबा सोडला. तो डुलत डुलत स्थिर होईपर्यंत आम्ही सगळे बघत राहिलो. चाचांनी एक डोळा मिटला.

"चौकट तीन सूत बाहेर आहे," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "म्हणून तुमचं दार आपोआप उघडत असणार."

कोपऱ्यातला कारकून फस्सकन हसला. अधिकारी दाराकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं आम्ही त्याला खुर्ची लावून ठेवतोय."

मला वाटलं, सुटलो. पण काम झालं नव्हतं. त्यांनी पहिलं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "हे वाचा. इंग्रजीत सांगा."

मी पहिलं पान उघडलं. पहिली नोंद होती, 'इब्राहीम. बापाचं नाव म्हायीत नाही. गाव म्हायीत नाही.' खोली मिळण्याआधीच गेलेला माणूस. त्याचं नाव त्यांनी सर्वात आधी लिहून घेतलं होतं. मी वाचलं, आणि तो कोण हे सांगितलं. अधिकारी म्हणाले, "अल्ला यरहमू," म्हणजे देव त्याच्यावर दया करो. पुढच्या पानांवरची नावं, बापांची नावं, गावं आणि पोस्ट त्यांनी मला वाचायला लावली. एकही नोंद वगळू दिली नाही. बारा पानांनंतर हात वर करून थांबवलं.

हत्यारं आणि रजिस्टरं जातील, ते म्हणाले. यादी नवी करून द्या. पण पाटीवरची खूण तशी जाऊ शकत नाही, पुढे कुणी विचारलं तर उत्तर कोण देणार? ते माझ्याशी बोलत होते पण बघत चाचांकडे होते. त्यांचा नाइलाज मला दिसत होता.

चाचांनी टेबलावरून एक छिन्नी निवडली. पाटी बाहेर अंगणात नेली, उकिडवे बसले आणि खूण तासायला लागले. मी म्हणाले, "चाचा, मी कुणाला तरी सांगते." त्यांनी नकारार्थी मान हलवली. पंधरा-वीस मिनिटं ते तासत होते. आधी रंग गेला, मग लाकडाचा वरचा पापुद्रा. ती खूण जाण्याचं कारण मी होते. एक शब्द मी शोभेसाठी लिहिला आणि एका म्हाताऱ्याला उन्हात बसून आपल्या हातचं काम खरवडावं लागलं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. म्हणून ते अजून जास्त टोचतं.

नवी यादी मी तिथेच हातानं लिहिली. 'गवंडीकामाची हत्यारं, वापरलेली, चौसष्ट नग. नावांची रजिस्टरं, नऊ. लाकडी फळी, एक.' पी.बी.ओ. कुठेही लिहिलं नाही. खाली माझी सही.

चाचा त्याच आठवड्यात गावी परतले. सामान महिन्याभरानं पोचल्याचा फोन आला. जॉर्जसाहेबांनी मला पुढे कधी त्याबद्दल ऐकवलं नाही, फक्त नव्या सर्व्हेअरना शिकवताना ते सांगायचे, "लिस्ट में इंग्लिश मत दिखाना." मी समोर असले की जरा मोठ्यानं.

मी त्यानंतर बरीच वर्षं घरं मोजली. मुलगी तिथेच मोठी झाली, तिथेच नोकरीला लागली. "आई, यू कॅन स्टॉप मेजरिंग माय फ्लॅट," असं अजून म्हणते. निवृत्त होऊन आम्ही पुण्याला आलो, आणि एका हिवाळ्यात कोकणात जाणं झालं तेव्हा मी मिस्टरांना गाडी खेडच्या बाजूला वळवायला लावली.

खोली सापडली. दार उघडं होतं. रजिस्टरं एका फडताळात नीट लावलेली. भिंतीवर चौसष्ट खिळे, चौसष्ट नावं, आणि हत्यार एकही नाही. मी खिळे परत मोजले. एवढं करून विकली की काय?

शेजारच्या घरातून चाचांची सून आली. "अब्बांना भेटायला आलाव? ते साइटवर हायत," ती म्हणाली आणि नदीकडच्या वाटेनं घेऊन गेली.

शाळेच्या नव्या खोलीचं काम चाललं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत युसूफचाचा, ऐंशी कधीच ओलांडलेले, हातात काठी. भिंतीवर सात-आठ बायका, कमरेला पदर खोचलेल्या, डोक्याला फडकं. कुणी विटा लावत होती, कुणी पाणसळ धरून उभी होती. हातात थाप्या होत्या, त्या मी मोजलेल्याच.

चाचांनी मला ओळखलं. आनंदले, पण उठले नाहीत. काठीनं भिंत दाखवून म्हणाले, "बाप्ये सगळे मुंबईला नायतर गल्फात. भिंती कोण बांधणार? ह्या बाया आधी डोईवर विटा वाहायच्या, निम्म्या मजुरीत. म्हटलं, वाहतेस ती लावायला शिक."

"आणि शिकल्या?"

"माझ्यापरास सरळ बांधतात. माझी नजर गेली आता."

मी बघायला आणखी पुढे सरकले. वरच्या थरावर काम करणारी बाई थांबली. तिनं थर सरळ यावा म्हणून ताणलेल्या दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "दोरीवर सावली पडतेय तुमची."

मी बाजूला झाले.